डिस्चार्ज मिळाला, पण घरी न्यायचं कसं?

जून २०२५ मध्ये पालघर जिल्ह्यातल्या मोखाडा तालुक्याची एक बातमी साऱ्या महाराष्ट्राने वाचली. पोटातच दगावलेल्या बाळाचा मृतदेह पिशवीत घालून एक मजूर बाप नाशिकहून एसटीने सुमारे ८० किलोमीटरचा प्रवास करून गावी गेला. लोक हळहळले, संतापले, चौकशीची मागणी झाली. पण या घटनेचा आणखी एक भाग होता, त्याच्याकडे फार थोड्यांचं लक्ष गेलं. बायकोला डिस्चार्ज मिळाल्यावर तिला घरी न्यायलाही रुग्णवाहिका मिळाली नाही, असं त्या कुटुंबाने माध्यमांना सांगितलं. नुकतीच बाळंत झालेली, लेकरू गमावलेली, अंगात त्राण नसलेली ती बाई एसटीनेच घरी आली.

आरोप आणि खुलासे बाजूला ठेवू. एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल. पेशंटला दवाखान्यात नेण्याबद्दल आपण खूप बोलतो. गाडी किती मिनिटांत आली, ऑक्सिजन होता की नाही, डॉक्टर होता की नाही. पण दवाखान्यातून घरी आणण्याबद्दल कुणीच बोलत नाही. डिस्चार्ज कार्डावर सही झाली की सरकारची जबाबदारी संपली, डॉक्टरांची संपली आणि खरं सांगायचं तर आपल्या समाजाचीही संपली. तिथून पुढे पेशंट, त्याची बायको आणि गेटवर उभा असलेला गाडीवाला. काय तो सौदा त्यांनी आपसात करायचा.

व्हरांड्यातल्या दोन रात्री

गेल्या वर्षी माझ्या वर्गातला एक मुलगा आठवडाभर शाळेत आला नाही. चौकशी केली तेव्हा कळलं, वडील गवंडीकाम करताना परांचीवरून पडले, मांडीचं हाड मोडलं. गावापासून ९० किलोमीटरवरच्या सरकारी दवाखान्यात ऑपरेशन झालं. ऑपरेशन चांगलं झालं, फुकट झालं, डॉक्टरांनी जीव लावून केलं. हे आधी सांगितलं पाहिजे, कारण चांगल्याला चांगलं म्हणणं हाही इन्साफच आहे.

अडचण नंतर आली. सकाळच्या राऊंडला डॉक्टर म्हणाले, आज घरी जा. मग कागद, औषधं, योजनेच्या सह्या, शिक्के. हे सगळं होईपर्यंत संध्याकाळचे पाच वाजले. पाय वाकवायचा नाही, त्यामुळे एसटीत बसता येत नव्हतं. गावाकडची शेवटची गाडी तशीही निघून गेली होती. गेटवरच्या रुग्णवाहिकेवाल्याने साडेचार हजार रुपये सांगितले. मुलाच्या अम्मीजवळ सातशे होते. बेड दुसऱ्या पेशंटला द्यायचा होता, त्यात वॉर्डातल्या सिस्टरचीही काही चूक नव्हती. दोन रात्री ते कुटुंब व्हरांड्यात सतरंजी टाकून राहिलं. तिसऱ्या दिवशी गावाकडचा एक भाजीचा टेम्पो माल उतरवून रिकामा परत चालला होता, त्यात गादी टाकून त्यांना आणलं. टाके ओले झाले होते, ताप भरला होता. पुन्हा दवाखाना.

मी त्या मुलाला विचारलं, ‘बेटा, मला फोन का नाही केला?’ तो म्हणाला, ‘सर, अब्बू तो अच्छे हो गए थे ना. छुट्टी मिल गई थी.’

हाच तर गैरसमज आहे. छुट्टी मिळाली म्हणजे बरा झाला असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात छुट्टी म्हणजे आता बेडची गरज नाही, एवढंच. आराम, ड्रेसिंग, औषध, पुन्हा तपासणी हे सगळं बाकी असतं. त्यातला पहिला टप्पा म्हणजे घरापर्यंतचा प्रवास, आणि तोच कुणाच्या खात्यात नाही.

१०८ ला फोन करून का भागत नाही?

बरेच लोक १०८ ला फोन करतात आणि नाही म्हटल्यावर चिडतात. इथे समजून घ्यायला हवं. १०८ ही सेवा महाराष्ट्रात जानेवारी २०१४ मध्ये ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली. तिचं काम इमर्जन्सी आहे. अपघात, हार्ट अटॅक, प्रसूतीची कळ, साप चावणं. तिने पेशंटला योग्य दवाखान्यापर्यंत पोचवायचं असतं. ती गाडी कुणाला घरी सोडायला ९० किलोमीटर गेली आणि तेवढ्यात मागे कुणाचा अपघात झाला, तर जबाबदार कोण? म्हणून १०८ वाले नाही म्हणतात ते बरोबरच आहे.

चूक दुसरीकडे आहे. इमर्जन्सी नसलेल्या पेशंटसाठी वेगळी व्यवस्थाच उभी राहिलेली नाही. खरं तर आपल्या देशातल्या वाहन मानकांमध्ये याचा विचार झालेला आहे. रुग्णवाहिकांसाठीच्या एआयएस-१२५ या मानकात चार प्रकार सांगितले आहेत. त्यातला ‘बी’ प्रकार नेमका अशाच पेशंटसाठी आहे, ज्याला झोपवून न्यायचं आहे पण वाटेत जिवाला धोका होण्याची शक्यता नाही. म्हणजे गाडी कशी असावी हे कागदावर ठरलेलं आहे. ती कुणी पाठवायची आणि पैसे कुणी भरायचे, हे मात्र ठरलेलं नाही.

इतर देशांत हा प्रश्न सोडवण्याचा प्रयत्न झाला आहे. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत इमर्जन्सी नसलेल्या पेशंटची ने-आण करणारी वेगळी सेवा आहे. अमेरिकेत गरिबांसाठीच्या मेडिकेड योजनेत दवाखान्यात जाण्या-येण्याची सोय हा उपचाराचाच भाग मानला जातो. तिथेही तक्रारी आहेत, पण हे काम कुणाचं, याचं उत्तर तिथे आहे.

हक्क आहेत, पण मागावे लागतात

आपल्याकडे काहीच नाही असंही नाही. काही हक्क आहेत, फक्त ते मागितल्याशिवाय मिळत नाहीत, आणि मागायला माहीत पाहिजेत.

पहिला हक्क बाळंतिणीचा. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम १ जून २०११ पासून देशभर लागू आहे. सरकारी दवाखान्यात प्रसूती झाली, मग ती नॉर्मल असो की सिझेरियन, तर घरून दवाखान्यात, एका दवाखान्यातून दुसऱ्यात आणि दवाखान्यातून परत घरी, असा तिन्ही वेळचा प्रवास मोफत आहे. आजारी नवजात बाळालाही हा हक्क आहे, आणि नंतर तो एक वर्षापर्यंतच्या बाळांना लागू झाला. त्यासाठी १०२ ची गाडी असते. आपल्या मोहल्ल्यात किती बायका बाळंत होऊन तिसऱ्या दिवशी शेअर रिक्षात कोंबून घरी येतात, ते आठवा. त्यातल्या कितीजणींना सांगितलं गेलं होतं की गाडी त्यांचा हक्क आहे? आशाताईंना आधीच सांगून ठेवा, आणि डिस्चार्जच्या आदल्या दिवशीच वॉर्डात विचारा. ऐन वेळी विचारलं तर गाडी कुठे तरी गेलेली असते.

दुसरा हक्क महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा. बहुतेकांना वाटतं, या योजनेत फक्त ऑपरेशन फुकट होतं. पण योजनेच्या पॅकेजमध्ये काय काय येतं ते नीट वाचा. बेड, औषधं, जेवण यांच्याबरोबर दवाखान्यातून घरी जाण्याचं एक वेळचं एसटीचं किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचं भाडंही त्यात धरलेलं आहे. रक्कम मोठी नाही, मान्य. झोपवून न्यायच्या पेशंटला एसटीच्या तिकिटाचा काय उपयोग, हाही प्रश्न बरोबर. पण सरकारने स्वतःच्या कागदावर मान्य केलंय की घरी जाणं हा उपचाराच्या खर्चाचा भाग आहे. हे मोठं आहे. मग दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारायला लाजायचं कशाला? तो टाळत असेल तर योजनेचा १५५३८८ हा नंबर आहे.

तिसरी गोष्ट प्रवासातल्या सवलती. जो पेशंट बसून जाऊ शकतो त्याच्यासाठी एसटी हाच खरा आधार. महिलांना अर्धं तिकीट मार्च २०२३ पासून आहे, ७५ वर्षांवरच्यांना त्याच्या आधीपासून मोफत प्रवास आहे. डायलिसिस, सिकलसेल, हिमोफिलियाच्या रुग्णांना ठरावीक अंतरापर्यंत मोफत प्रवास आहे. रेल्वेत कॅन्सरच्या पेशंटला उपचारासाठी जाता-येताना स्लीपर आणि थ्री एसीमध्ये भाडं माफ आहे, सोबतच्या माणसाला ७५ टक्के सवलत आहे. किडनीच्या पेशंटला डायलिसिस किंवा प्रत्यारोपणासाठी आणि हृदयाच्या पेशंटला ऑपरेशनसाठीही सवलत मिळते. त्याला दवाखान्याचं ठरावीक नमुन्यातलं सर्टिफिकेट लागतं. मुंबईच्या लोकलमध्ये दिव्यांगांच्या डब्यात कॅन्सरच्या पेशंटला आणि गरोदर बाईला बसता येतं. हे माहीत नसल्यामुळे किती जण चेंगरत जातात!

चौथी गोष्ट, सरकारी आणि महापालिकेच्या मोठ्या दवाखान्यांत ‘समाजसेवा अधीक्षक’ नावाचा माणूस बसतो. दार बहुधा एखाद्या कोपऱ्यात असतं. गरीब पेशंटच्या मदतीसाठीचे फंड, ट्रस्टांचे फोन नंबर, ओळखीचे देणगीदार हे सगळं त्याच्याजवळ असतं. पण आपण जातो नगरसेवकाकडे. आधी या माणसाकडे जा.

भाडं एवढं का?

आता गेटवरच्या गाडीवाल्याकडे येऊ. त्याला शिव्या देणं सोपं आहे. काही जण लुटतात हे खरंच आहे. कोविडच्या काळात दर इतके भडकले की सप्टेंबर २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाला राज्यांना सांगावं लागलं, रुग्णवाहिकांचे वाजवी दर ठरवा. एरवीही दर ठरवण्याचं काम प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाचं आहे. तुमच्या जिल्ह्याचं दरपत्रक आरटीओ ऑफिसातून मागून घ्या आणि मशिदीच्या, शाळेच्या नोटीस बोर्डावर लावा. दर माहीत असलेल्या माणसाशी गाडीवाला वेगळ्या भाषेत बोलतो, हा माझा अनुभव आहे.

पण हिशेब बघा. गाडीवाला ९० किलोमीटर पेशंट घेऊन जातो आणि ९० किलोमीटर रिकामा परत येतो. डिझेल १८० किलोमीटरचं लागतं, म्हणून भाडंही तो दोन्ही बाजूंचं लावतो. आता उलट बाजूने बघा. त्याच दिवशी सकाळी त्याच तालुक्यातून कुणी तरी दुसरा पेशंट घेऊन शहरात आलेला असतो. तोही रिकामाच परत जातो. प्राथमिक आरोग्य केंद्राची, ग्रामीण रुग्णालयाची गाडी पेशंट रेफर करून आणते आणि रिकामी परत जाते. खासगी रुग्णवाहिकाही तशाच रिकाम्या फिरतात. म्हणजे रस्त्यावर गाडी आहे, स्ट्रेचर आहे, ड्रायव्हर आहे, जायचं तेच गाव आहे. आणि पेशंट व्हरांड्यात झोपलेला आहे.

माझ्या मते खरी दुखरी नस ही आहे. आपल्याकडे गाड्यांपेक्षा मोठी कमतरता आहे ती गाडी आणि पेशंट यांची गाठ घालून देणाऱ्या माणसाची. आमच्या त्या मुलाच्या वडिलांना शेवटी काय कामी आलं? परतीचा रिकामा टेम्पो. तोच हिशेब, फक्त भाजीच्या टेम्पोऐवजी रुग्णवाहिका असती आणि दोन दिवस आधी असती, तर तो माणूस दुसऱ्यांदा ॲडमिट झाला नसता.

आपल्या जमातीच्या गाड्या

इथे थोडं कडू बोलतो, माफ करा. महाराष्ट्रातल्या जवळजवळ प्रत्येक मोठ्या मुस्लिम वस्तीत एखादी तरी जमातीची, ट्रस्टची रुग्णवाहिका असते. गाडीवर मोठ्या अक्षरात मरहूमचं नाव, ‘ईसाले सवाब’साठी दिलेली. ज्याने दिली त्याचा इरादा नेक आहे, अल्लाह कबूल करो. पण गाडी घेण्यासाठी देणगी मिळते, डिझेल आणि ड्रायव्हरच्या पगारासाठी मिळत नाही. उद्घाटनाला आमदार येतो, वर्षभराने टायर बदलायला कुणी येत नाही. मग ती गाडी मशिदीच्या बाजूला धूळ खात उभी राहते आणि दोन वर्षांनी आणखी कुणी तरी आणखी एक गाडी देतो.

त्याऐवजी जमातींनी एवढं केलं तर? नवीन गाडी घेण्याआधी जिल्ह्याच्या दवाखान्याजवळ एक माणूस नेमा. अर्धा दिवस बसणारा, महिन्याचं मानधन घेणारा. त्याने सकाळी वॉर्डात विचारायचं, आज कुणाकुणाला छुट्टी आहे, कुठल्या गावचे, बसून जाऊ शकतात की आडवे. दुसऱ्या हातात ड्रायव्हर लोकांचा व्हॉट्सॲप ग्रुप, आज कोण कुठून आलंय आणि कधी परत चाललंय. दोन्ही याद्या जुळवायच्या. परतीच्या गाडीला फक्त परतीचं भाडं द्यायचं. ते पेशंटला झेपलं नाही तर बैतुलमालमधून फरक भरायचा. संसर्गाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारूनच पाठवायचं, आणि प्रत्येक फेरीनंतर गाडी पुसून घ्यायची. एक गाडी घ्यायला जेवढा पैसा लागतो, तेवढ्यात हा माणूस कैक वर्षं काम करेल.

सरकारी गाड्यांच्या बाबतीत मागणी करावी लागेल. रेफर पेशंट सोडून परत जाणाऱ्या गाडीत त्याच तालुक्यातल्या डिस्चार्ज पेशंटला बसू द्या, असा लेखी आदेश जिल्ह्याने काढावा. आज एखादा दयाळू ड्रायव्हर नेतो, एखादा घाबरून नेत नाही. आदेश असला तर दोघांनाही आधार मिळेल. ग्रामीण रुग्णालयाच्या रुग्ण कल्याण समितीपुढे हा विषय मांडता येईल.

जकातीचा प्रश्न लोक नेहमी विचारतात. हनफी उलेमांचं सर्वसाधारण मत असं की जकात हकदार माणसाच्या मालकीत गेली पाहिजे, त्याला तमलीक म्हणतात. त्यामुळे जकातीच्या पैशातून ट्रस्टची गाडी घेणं अडचणीचं ठरतं. पण गरीब पेशंटच्या हातात भाड्याचे पैसे ठेवणं, ही तर सरळ जकात आहे. शिवाय जकातीच्या आठ हकदारांमध्ये वाटेत अडकलेला मुसाफिरही आहे. परक्या शहरात, खिशात पैसे नसताना, मोडक्या पायाने व्हरांड्यात पडलेला माणूस मुसाफिर नाही तर कोण? बारकावे आपल्या मुफ्ती साहेबांना विचारून घ्या. माणसाचा पगार आणि फोनचा खर्च सदका, लिल्लाहमधून होऊ शकतो. तिथे जात-धर्म बघायचा प्रश्नच नाही. कोविडमध्ये आपल्या तरुणांनी सगळ्या धर्मांच्या मय्यती उचलल्या. जिवंत माणसाला घरी पोचवणं त्याहून अवघड नाही.

तोपर्यंत घरच्यांनी काय करावं

ॲडमिट होतानाच परतीचा विचार सुरू करा. डॉक्टरांना आदल्या दिवशी स्पष्ट विचारा: पेशंट बसून जाईल की आडवा न्यायचा? वाटेत ऑक्सिजन लागेल का? पाय किंवा पाठ कशी ठेवायची? लघवीची पिशवी असेल तर ती कशी सांभाळायची? छुट्टी सकाळी लवकर मिळेल असं बघा, कागद आदल्या दिवशी तयार करून ठेवा. गाडी ठरवताना चार गोष्टी आधीच बोलून घ्या: एकूण किती, परतीचं भाडं धरलंय का, थांबायचे पैसे किती, ऑक्सिजनचे वेगळे किती. घर वरच्या मजल्यावर असेल तर चार माणसं खाली उभी ठेवा. बाई पेशंट असेल तर सोबत एक बाई हवी. रात्रीचा प्रवास टाळा. आणि डायलिसिसचा पेशंट असेल तर एका दिवसाचा नाही, महिन्याचा हिशेब करा. आठवड्यात तीन वेळा म्हणजे महिन्यात बारा खेपा, जाऊन-येऊन चोवीस प्रवास. एका माणसाच्या खिशाने हे निभत नाही. एकाच भागातल्या तिघा-चौघांनी एकच वेळ मागून घेतली, तर एका रिक्षात भागतं.

अयादतीला, म्हणजे आजाऱ्याला बघायला जाण्याला आपल्या दीनमध्ये मोठं महत्त्व आहे. आपण केळी, नारळपाणी घेऊन जातो, दहा मिनिटं बसतो, दुआ करतो आणि निघतो. पुढच्या वेळी जाल तेव्हा केळ्यांचे पैसे खिशात ठेवा आणि एकच प्रश्न विचारा, ‘छुट्टी कधी आहे, आणि घरी कशाने जाणार?’ बघा, समोरच्याचा चेहरा कसा बदलतो.

तो मुलगा आता नियमित शाळेत येतो. वडील काठी घेऊन चालायला लागले आहेत, अल्हम्दुलिल्लाह. परवा त्याने विचारलं, ‘सर, वो टेम्पोवाले चाचा का नंबर मैंने रखा है. किसी को लगे तो बोलना.’ एवढंसं पोर. आपल्या साऱ्या जमातींना जी यादी करायला जमलं नाही, तिचा पहिला नंबर त्याने लिहून ठेवलाय.